घूंऽऽ...

व्हॉल्व्हचा जुना गिटार अ‍ॅम्प घूंऽऽ करायला लागला की दुरुस्त करणारा आधी कान लावतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. आवाजही ६० चा असेल तर संशय हीटरच्या तारांवर किंवा अर्थिंगवर. दुप्पट, म्हणजे १२० चा असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर वाळलेत, असं समजायचं.

पण मला चटका लावून जाते ती वेगळीच गोष्ट. १९६० च्या दशकात फेंडरच्या ट्विन रिव्हर्बसारख्या अ‍ॅम्पना दोनच पिनांचा प्लग असे. घूं कमी व्हावं म्हणून मेन्सची एक तार कपॅसिटरमधून चॅसिसला जोडत. कुठली, ते मागच्या स्विचने ठरायचं. आवाज कमी येईल ती बाजू ठेवायची, बस्स! पण ती फेजची निघाली आणि कपॅसिटर शॉर्ट झाला, तर थेट गिटारच्या तारांना करंट. कारागीर त्याला 'डेथ कॅप' म्हणतात, ते उगीच नाही.

१९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला गिटारवादक लेस हार्वे भर कार्यक्रमात गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागल्याचं निमित्त.

आता जाणता कारागीर आधी तो कपॅसिटर काढतो, तीन पिनांची वायर बसवतो. घूं मग शोधतो. मीही हल्ली जुना अ‍ॅम्प दिसला की आधी पिना मोजतो...