चमचाभर साखर, चिमूटभर मीठ : जामखेडमधील मात्रेचे गणित

परिचर्येच्या विद्यार्थिनीला एक सूत्र आरंभीच पाठ करावे लागते : हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले द्रावणाचे आकारमान. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दसपट. पण जिला अंकच वाचता येत नाहीत, तिने औषध मोजावे कसे?

तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडमध्ये हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम आरंभले, तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या परक्या गावी रुळल्या नाहीत. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या नियमाने जामखेडला येऊन शिकू लागल्या.

अतिसारात मूल जाते ते मुख्यतः अंगातले पाणी व क्षार गेल्याने. ग्लुकोज सोबत असले की आतडे सोडियम आणि पाणी शोषून घेते; १९७१ च्या निर्वासित छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या सूत्रात लिटरभर पाण्याला मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ग्लुकोज २० ग्रॅम असे. खेड्यात ग्रॅमचा काटा कुठला? म्हणून घरगुती माप आले : लिटरभर पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर रक्तातील सोडियम वाढून मुलाला झटके येऊ शकतात. यावरची कसोटी जिभेची : पाणी अश्रूंहून खारट लागता कामा नये.

निरक्षर म्हणजे बेहिशेबी, हा शहरी समज येथे टिकत नाही. शेर, पायली, तोळा, मासा यांचा व्यवहार या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चालत आला होता.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आठ किलोच्या, पाणी कमी झालेल्या मुलाला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर द्यायचे, म्हणजे ६००. विद्यार्थिनी हा गुणाकार वहीत मांडते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्याने मोजले, तर ते तीन पेले होतात.