'सार्तीन' जहाजाची हकीकत

मनुष्यांप्रमाणें जहाजांसहि चरित्र असतें. 'सार्तीन' या फ्रेंच जहाजाचें चरित्र आम्ही येथें देत आहों, तें त्याचा पराक्रम मोठा म्हणून नव्हे. तारापूर-वसईच्या किनाऱ्याच्या भवितव्याशीं त्याचा संबंध पोंचतो म्हणून.

हा किनारा मराठ्यांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून जिंकला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेऊन साष्टी बळकावली. वसईवरहि त्यांचा डोळा होताच. अशा वेळीं, १७७७ च्या मार्चांत, फ्रान्सच्या आरमारमंत्र्याचें नांव धारण करणारें हें व्यापारी जहाज चौलास लागलें. त्यांतून उतरलेला सें-ल्यूबँ पुण्यास फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून मिरवूं लागला. मदतीच्या मोबदल्यांत त्यास चौल बंदर हवें होतें. नाना फडणविसांनीं त्याचा सत्कार केला. नानांचा हेतु, आमच्या मतें, फ्रेंचांस आणण्यापेक्षां इंग्रजांस धाक घालण्याचा होता. परंतु धाक दाखविला म्हणजे शत्रु दबतोच असें नाहीं. मुंबईकरांनीं याच भयाचें निमित्त करून राघोबादादांचा पक्ष पुन्हा उचलला, आणि हेस्टिंग्जनें बंगालची फौज पश्चिमेकडे धाडली. १७७८ सालीं नानांनीं सें-ल्यूबँस निरोप दिला. पण युद्ध टळलें नाहीं.

इकडे त्याच वर्षीं ऑगस्टांत 'सार्तीन' पाँडिचेरीसमोर त्रोंजोलीच्या आरमारांत लढाऊ जहाज म्हणून उभें राहिलें. महिना संपण्यापूर्वीं इंग्रजांनीं तें पकडलें व नांव तेंच ठेवून आपल्या आरमारांत घेतलें. १७८० च्या नोव्हेंबरांत मलबारच्या किनाऱ्यावर तें नष्ट झालें, तेव्हां त्यावर इंग्रजी निशाण होतें. त्याच महिन्यांत गॉडर्डची फौज वसईपुढें बसली होती. डिसेंबरांत किल्ला पडला, आणि वज्रेश्वरीच्या बाजूस रामचंद्र गणेश लढतां लढतां धारातीर्थीं पडले.

१७७९ सालीं वडगांवास मराठे जिंकले होते, तेव्हां नानांचा डाव सर्वस्वीं फसला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परतहि मिळाली; साष्टी मात्र गेली ती गेलीच. त्याच तहांत, पोर्तुगीजांखेरीज इतर युरोपीयांस पेशव्यांनीं आपल्या मुलखांत थारा देऊं नये, अशा आशयाचें कलम पडलें. चौलास लागलेल्या एका जहाजानें इंग्रजांची झोंप किती उडविली होती, हें त्या कलमावरून दिसतें. दुसऱ्याच्या बळाचा बागुलबोवा उभा करणारास अखेर खऱ्या युद्धाचा खर्च सोसावा लागतो, हेंहि सुज्ञ वाचक त्यावरून ताडतील.