गवताच्या गंजीमागचं डहाणू

आमच्या घरात डहाणू कधी एक नव्हतंच. खाडीकाठचं, किल्ल्याभोवतीचं ते ‘गाव’ आणि रुळांलगत वाढलेलं ते ‘रोड’. आजी गावातली, आजोबा रोडचे. कशावरून वाजलं की आजी सुनवायची, “तुमचं टेशन काल आलं, आमचं गाव पहिल्यापासूनचं.” हे ‘काल’ म्हणजे १८६४ च्या सुमारास, मुंबई-सुरत गाडी सुरू झाली तेव्हाचं!

आजीच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार होता, तिला पत्ता नसला तरी. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. कोणकोणत्या नद्यांवर त्याने फुकट तरीची सोय केली, त्या यादीत दमण आणि तापीबरोबर दाहानुका येते. हा काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आणि आता स्टेशनहून गावात जायचे रिक्षावाला काय घेतो, विचार तुझ्या उषवदाताला.”

किल्ल्याची गोष्ट आजोबांची, आणि ती दर दिवाळीला थोडी वाढायची. मूळ गोष्ट आटोपशीर आहे. पोर्तुगीजांचं ठाणं वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी घेतलं. आजोबांच्या तोंडून मात्र चिमाजी अप्पा जातीने खाडी उतरून यायचे, कधी घोड्यावरून, कधी मचव्यातून. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव पडले, तिथे आल्यावर त्यांचा आवाज असा कातर व्हायचा, जणू सख्खा चुलता गेला. आम्हा पोरांचं लक्ष तोवर स्वयंपाकघरात. थंडीत उकडहंडी लागलेली असायची. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा मडक्यात, तोंडाला पाला गच्च कोंबलेला. तो वास सुटला की कसला वेढा अन् कसलं काय!

चिकूची हकीकत शेजारच्या वाडीतल्या इराणी काकींची. पारशी-इराणी बागायतदारांनी ही जमीन चिकूची केली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काकींना त्याआधीच खात्री होती की याच्यापुढे सगळी फळं झूट. चिकू उतरवला की देठाकडचा चीक निथळू द्यायचा, अंगावरची तांबूस भुकटी पुसायची आणि नखाने जरासं खरवडून बघायचं. आत हिरवं दिसलं तर फळ अजून कच्चं. मग पेंढ्यात. पुन्हा पुन्हा उकरून बघणाऱ्या पोराचा कान धरला जायचा. हात चालू असतानाच काकी बहारोटच्या डोंगराकडे मान करून सांगायच्या, संजाण पडलं तेव्हा त्यांच्या लोकांनी पवित्र अग्नी तिथल्या गुहेत बारा वर्षं जपला. आजी हात जोडायची. देव कुणाचा का असेना, लपून राहावं लागलं म्हटलं की तिला कळवळा यायचा. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला ती न चुकता जायची. डोंगरावर निशाण चढवणाऱ्या वाघाडीच्या पुजाऱ्याबद्दल भक्तीने बोलायची, आणि परतताना सुके बोंबील घ्यायचीच.

आता इतक्या सगळ्या गोष्टींत वारली कुठे होता? होता, पण डोक्यावर गवताचा भारा घेऊन. मुंबईच्या तबेल्यांना इथून रेल्वेने गवत जायचं. आजोबा एका गवताच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी. गंजी केवढ्या उंच, वाघिणी किती भरल्या, हे ते रंगवून सांगत. गवत कापतं कोण, हे मात्र त्यात कधी आलं नाही. पंचेचाळीस सालाचा विषय निघाला की “ती गडबड” म्हणून पान पुसलं जायचं.

ती गडबड म्हणजे काय, ते मला गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये वाचायला मिळालं. वेठबिगार. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबायची, ते लग्नगडी. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीत वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पावसाळा सरताना गवतकापणीचा संप. मागणी केवढी, तर ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तलवडा आमच्या घरापासून असा कितीसा लांब? चिमाजी अप्पांना घोड्यावरून आणणाऱ्या आजोबांना तो सापडला नाही. माझा त्यांच्यावर फार जीव होता, तरी हे मला खटकतं.

आजोबांच्या पश्चात मी ते पुस्तक आजीला वाचून दाखवू लागले. दृष्टी गेलेली, पण कान तिखट. दोन दिवस ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या वर्षी गवत उभंच वाळलं. वखार रिकामी. हे वही उघडून नुसते बसायचे.” थोड्या वेळाने, “त्यांचं बरोबरच होतं गं. पण तेव्हा बोलायचं कसं? मीठ शेटचं होतं.”

गवताच्या मजुरीचं प्रकरण आलं तशी तिने मला मधेच थांबवलं.

“काटा मारायचे, ते लिहिलंय का बाईंनी?”

काट्यापाशी कोण उभं असायचं, हे मी विचारलं नाही. पुढचं पान वाचायला घेतलं.