फारखतीचे कागद आणि मुलांचें अन्नवस्त्र

संग्राहकांचें लक्ष सनदा, महजर व वतनपत्रें यांकडे सहज वळतें. सोडचिठ्ठीचा कागद किरकोळ समजून बाजूस पडतो. आमच्या मतें समाजाच्या इतिहासास तो कमी मोलाचा नाहीं.

देणें फिटल्याचा लेख व नवराबायकोची सोडचिठ्ठी या दोन्हीं अर्थीं ‘फारखत’ हा एकच शब्द मराठींत रूढ आहे. धनकोनें ऋणकोस मोकळें करावें तसें नवऱ्यानें बायकोस. १८९९ च्या मुद्रांक कायद्यानें मात्र हे दोन लेख वेगळे केले: विवाहविच्छेदाच्या लेखास २९ वें कलम व एक रुपया मुद्रांक, हक्क सोडल्याच्या लेखास ५५ वें कलम.

आतां प्रश्न असा कीं, उभयतां मोकळीं झालीं, तरी पोटच्या मुलाचें काय? ज्या जातींत काडीमोड व पाट चालत, तेथें पंच लग्नाच्या खर्चाचा व दागिन्यांचा निवाडा करीत. मूल बापाच्या कुळाचें मानलें जाई. तान्हें असल्यास कांहीं काळ आईपाशीं राही. त्या काळाचें अन्नवस्त्र कोणाच्या माथीं, हाच खरा वादाचा मुद्दा होय.

१८६१ च्या फौजदारी कार्यविधींतील ३१६ व्या कलमानें औरस व अनौरस अशा दोन्हीं मुलांस बापाकडून पोटगी मिळण्याची सोय केली. मर्यादा दरमहा ५० रुपये. ती १९२३ मध्यें १०० व १९५५ मध्यें ५०० झाली, आणि २००१ मध्यें मर्यादाच उठली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें रूढीची सोडचिठ्ठी २९ व्या कलमांत राखली. मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण २६ व्या कलमानें न्यायालयाकडे दिलें. १९५६ च्या कायद्यानें पोषणाचा भार आई व बाप दोघांवर टाकला. यावरून उघड होतें कीं, मूल या लेखांतील पक्षकार नव्हे. आईबापांनीं एकमेकांस दिलेल्या फारखतीनें त्याचा हक्क बुडत नाहीं.

महागांव तालुक्यांतील फुलसावंगीसारख्या गांवीं असे कागद शोधतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वऱ्हाड १८५३ मध्यें निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला, आणि पुसद तालुका १९०५ मध्यें वाशीम जिल्ह्यांतून यवतमाळास जोडला गेला. म्हणून जुना कागद केवळ यवतमाळच्याच दप्तरांत धुंडाळणें पुरेसें नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं फारखती असतील त्यांनीं मिति, मुद्रांक व साक्षी यांबरोबरच मुलाविषयींची ओळ अवश्य उतरून घ्यावी. ती ओळ नसेल तर तेंहि नमूद करावें. कारण तेथील मौन हाहि पुरावाच होय.