अर्ध्या तासाचा नियम

सातारा-सांगलीच्या जत्रांतल्या फडात कुस्ती ‘निकाली’ ठरली, की तिला घड्याळ नसे. पाठ मातीला लागेपर्यंत दोघांनी लढायचे. खडाखडी लांबवून समोरच्याचा दम जोखणे, तो थकला की पट काढणे, हा डावाचाच भाग होता. म्हणजे वेळ पैलवानाच्या ताब्यात होती. कोंडी फुटेनाच, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवत. काळावर त्यांची सत्ता तेवढीच. मॅटवर मात्र मुदत आधी ठरते, गुण मोजले जातात, आणि वेळेचे प्रत्येक कलम कुणीतरी बजावून घ्यावे लागते. ते बजावणारे माणूसच नसेल तर कलम कागदावर राहते, हे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या बाबतीत १९५२ साली हेलसिंकीत दिसले.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले खाशाबा हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. तिथे जपानच्या शोहाची इशीशी ते गुणांवर हरले आणि लगेच सोव्हिएत रशीद मामेदबेकोवपुढे त्यांना उभे करण्यात आले. दोन लढतींत अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो दाखवून द्यायला भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. विश्रांती मिळाली असती तरी सोव्हिएत मल्ल भारीच पडला असता, असे कुणी म्हणेल. शक्य आहे, पण अर्धा तास जिंकू शकणाऱ्यालाच द्यायचा, अशी अट नियमात नव्हती. पैलवानाने स्वतः का मागितला नाही, हा प्रश्न तर मला अन्यायाचा वाटतो. नुकतीच लढत हरलेल्या माणसाने श्वास सावरायचा की परक्या देशात पंचांशी वाद घालायचा? घर गहाण पडले ते मल्लाला पाठवण्यासाठी; त्याची बाजू मांडणे ही संघाबरोबर गेलेल्यांची जबाबदारी होती.

दुसरा आक्षेप जुना आहे: मातीत वाढलेल्यांना घड्याळाची कुस्ती जमतच नाही. त्याला उत्तर सांगली जिल्ह्यानेच दिले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनचे सुवर्ण आणि फ्रीस्टाईलचे रौप्य आणले. दोघेही लाल मातीचेच. आज फ्रीस्टाईलची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते, आणि निष्क्रिय ठरवलेल्या मल्लाने पुढच्या तीस सेकंदांत गुण मिळवला नाही, तर गुण समोरच्याला जातो. जत्रेतली दमदार खडाखडी इथे महागात पडते, म्हणून तालमीत डावांइतकीच ही कलमेही घोटून घ्यायला हवीत, आणि ती वस्तादांनी, संघाच्या व्यवस्थापकांनीही.