पंधरा नंबरचं कूळ

टायर घासले की वलगाव-दर्यापूर पट्ट्यातल्या गाडीवाल्याला एक हौस हमखास येते: या खेपेला एक साइज वरचा टाकायचा. दोष रस्त्याचा. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर तिच्या मर्जीनं वर-खाली होतं. गाडीचं पोट घासू नये एवढंच मागणं. दुकानातला पोऱ्या मात्र गिऱ्हाइकाचं ऐकण्याआधी उकिडवा बसतो, टायरच्या बाजूवरची धूळ अंगठ्यानं पुसतो आणि मोठ्यानं वाचतो: एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा. मग मान वर न करताच म्हणतो, ‘‘भाऊ, रिम पंधराची हाय. सोळाचा टायर हिले कसा बसन?’’

185/65 आर 15. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये, टायरची रुंदी. दुसरा टक्क्यांत, त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची. तिसरा इंचांत, रिमचा व्यास. एका ओळीत तीन मापं, आणि तिन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या घरांतून आलेली.

ठरलेल्या चाकावर काय चढवायचं ते मापून घ्यायचा उद्योग मोटारीहून कितीतरी जुना. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार आधी चाकाचा घेर मोजायचा आणि धाव त्याहून किंचित आखूड जोडायचा. ती जाळात लालबुंद करायची, तापून फुगली की सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगोलग पाणी ओतायचं. वाफेच्या लोटात धाव आकसायची आणि सगळे आरे करकचून आवळले जायचे. घेर सैल राहिला तर धाव वाटेत निसटणार, फारच आखूड झाला तर चाक पिळवटणार. तिथं हौसेला जागाच नव्हती.

हौस आली ती हवेबरोबर. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं हवेचा टायर सायकलीला लावला. 1895 मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो मोटारीवर पळवून दाखवला. तेव्हाचं माप बाहेरून घेतलेलं असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या मागच्या टायरवर 30 × 3½ असं लिहिलेलं असायचं: बाहेरचा व्यास 30 इंच, जाडी साडेतीन. रिम किती, हे लिहिलेलंच नाही. ते ज्याचं त्यानं काढायचं. दोन्हीकडचे साडेतीन वजा केले की 23. याच गाडीच्या पुढच्या चाकांना बरीच वर्षं 30 × 3 टायर होते, म्हणजे रिम 24 ची! बाहेरून चारही चाकं सारखी, पण मागचा टायर पुढे चालत नाही. आणि याच वजाबाकीतून ‘एक साइज वर’ची पळवाट निघाली. 31 × 4 मधून दोनदा चार वजा केले तरी 23 च उरतात. म्हणजे कंपनीच्याच रिमवर जाडजूड टायर बसतो. वलगावच्या गिऱ्हाइकाची मागणी शंभर वर्षं जुनी आहे ती अशी.

1923 मध्ये फायरस्टोननं बलून टायर आणला. पोट मोठं, हवेचा दाब कमी, बसणाऱ्याला आराम. पोटं अशी निरनिराळी सुटू लागल्यावर बाहेरच्या मापाचा उपयोग राहिला नाही आणि रिमचा आकडा टायरवर आला. वजाबाकी गेली, बेरीज आली: आधी जाडी, मग रिम. आपल्याकडच्या जीपचा 6.00-16, अँबॅसडरचा 5.90-15, फियाटचा 5.20-14 ही सगळी त्या पिढीची लेकरं. जाडी आणि उंची साधारण सारखीच असायची, म्हणून जीपचा हिशेब तोंडी व्हायचा: सहा, सोळा, सहा; अठ्ठावीस इंचांच्या आसपास. डनलॉपचा बंगालमधल्या साहागंजचा कारखाना 1936 चा. त्या नावानं पुढे बंडीचीही धाव उतरवली. रबरी चाकांची बैलगाडी आली तिला लोक सरळ ‘डनलॉप’ म्हणू लागले, आणि तिच्या टायरचं मापही त्याच बेरजेच्या घराण्यातलं, 6.00-19 वगैरे.

मिलिमीटर फ्रान्सचा. मिशेलिननं 1946 मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं, 1949 मध्ये तो बाजारात आणला, आणि फ्रेंच माणूस इंचात कशाला मोजेल? सित्रोएनच्या डीएस गाडीचा टायर 165-400 असा होता, रिमसकट मिलिमीटरमध्ये. रेडियलची उंची रुंदीच्या ऐंशी टक्क्यांच्या जवळपास धरलेली असे, म्हणून ती लिहीत नसत. पुढे वेगवान गाड्यांसाठी सत्तर, साठ, पन्नास टक्क्यांचे बुटके टायर निघाले, तेव्हा टक्केवारी छापणं भाग पडलं. अशी बेरजेच्या जागी टक्केवारी आली.

इंच काढून टाकायचा मोठा प्रयत्न मिशेलिननंच 1975 मध्ये केला. टीआरएक्स हा टायर 390 मिलिमीटरसारख्या मापाच्या रिमचा. पंधरा इंच म्हणजे 381, त्यामुळे चुकूनही इंची रिमवर बसू नये अशी व्यवस्था. टायर उत्तम होता. पण त्यासाठी रिमही त्याच घरची घ्यावी लागे आणि बाकीच्या जगानं आपल्या रिमा बदलल्या नाहीत. ज्यांच्याकडे त्या जुन्या गाड्या आहेत ते आजही 390 च्या टायरसाठी दामदुप्पट मोजतात. आपल्याला हे नवं नाही. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. इतकी वर्षं झाली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहे, पण वावराचा सौदा अजून एकरानंच होतो. रिमचंही तेच झालं.

तेव्हा पोऱ्याचं म्हणणं खरं. तीन आकड्यांत सगळ्यात जुना तो पंधरा, आणि घासाघीस चालत नाही ती फक्त त्याच्यापाशी. बाकी दोघांना थोडं हलवता येतं, पण जोडीनं. मारुतीच्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. कंपनीनं स्वस्त गाडीला 165/80 आर 14 दिला, महागड्या गाडीला 185/65 आर 15. गणित केलं तर पहिल्याचा व्यास 619.6 मिलिमीटर, दुसऱ्याचा 621.5. रिम इंचानं वाढली, टायर बुटका झाला, बाहेरचा घेर होता तिथंच राहिला. घेर राखायचा हा त्यातला मुद्दा, कारण स्पीडोमीटर आणि एबीएस त्याच्याच भरवशावर चालतात.

आता त्याच पंधराच्या रिमवर 195/65 टाकला तर व्यास 634.5 होतो. काटा ऐंशीवर असताना गाडी आधीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त पळते. हे चालण्यासारखं आहे, पुष्कळजण करतातही. पण गाडीचं पोट उचललं जातं ते फक्त साडेसहा मिलिमीटर, कारण वाढलेल्या व्यासातला निम्मा भाग अक्षाच्या वर जातो. वर स्टिअरिंग जड, सगळं वळवल्यावर टायर आत घासतो का ते बघायची कटकट वेगळी. एवढ्यासाठी चार टायरांचे जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. खड्डा साडेसहा मिलिमीटरनं ऐकत नाही.

त्यापेक्षा मापाच्या शेजारी बारीक अक्षरात असतं ते वाचावं. 88 एच, समजा. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरची मर्यादा. हे अक्षर इंग्रजी क्रम मोडून यूच्या नंतर आणि व्हीच्या आधी बसतं, कारण आधी एस, एच, व्ही एवढीच अक्षरं होती आणि टी, यू मागाहून घुसवली. दर्यापूर रोडवर 210 चा प्रश्नच नाही. 88 चा आहे: एका टायरनं पेलायचं जास्तीत जास्त वजन, 560 किलो. तेच ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरल्या पट्टीशी ताडून पाहावं, आणि दुकानदार स्वस्तात 82 चा दाखवू लागला, म्हणजे 475 किलोचा, तर माप हुबेहूब असलं तरी नको म्हणावं. दिवाळीला त्याच गाडीत सातजण बसणार असतात आणि डिक्कीत तुरीचं पोतं.