खेळातून शिक्षण, खेळातून रोजगार

दहावीचे वर्ष आले की मुलाची बॅट कपाटावर चढते आणि फुटबॉल पलंगाखाली जातो, ही आपल्या अनेक कुटुंबांतील रीत आहे. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, ही त्यामागील जुनी समजूत. उलट, मुलगा चांगला खेळतो म्हणजे आता तो राष्ट्रीय संघातच जाणार, अशी आशा बाळगणारे पालकही आढळतात. आम्हांला या दोन्ही समजुती अपुऱ्या वाटतात. खेळामुळे शिक्षणाला व रोजगाराला हातभार लागतो तो नेमका कोणत्या मार्गाने, हे समजून घेण्यासाठी केनियाची राजधानी नैरोबी येथील माथारे वस्तीचा अनुभव पाहण्याजोगा आहे.

माथारे ही आफ्रिकेतील मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. पत्र्याच्या व मातीच्या घरांची दाटी, उघडी गटारे आणि कचऱ्याचे ढीग. प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधून केलेला चेंडू घेऊन मुले तेथे खेळत असत. पर्यावरणविषयक कामानिमित्त नैरोबीत राहणारे कॅनडाचे बॉब मन्रो यांनी १९८७ साली या मुलांपुढे एक करार ठेवला: सामने भरवले जातील, मात्र संघांनी आपल्या वस्तीतील कचरा उचलला पाहिजे. ‘माथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशन’ या संस्थेचा जन्म असा झाला. साखळी स्पर्धेत सामना जिंकल्यास ३ गुण आणि सफाईची ठरलेली फेरी पूर्ण केल्यास ६ गुण, असा नियम तेथे करण्यात आला. गोल करण्यात पटाईत, परंतु फावडे उचलण्यात आळशी असलेला संघ त्यामुळे गुणतक्त्यात खाली घसरू लागला. श्रमाचे मोल मुलांना प्रवचनाशिवाय कळले. (आम्हां धर्मगुरूंनी याची नोंद घ्यावी.)

शिक्षणाशी या खेळाचा धागा जोडला गेला तो शाळेच्या फीमधून. केनियात प्राथमिक शिक्षणाची फी २००३ साली रद्द झाली. तथापि माध्यमिक शाळेचा खर्च गरीब कुटुंबांना पेलवेना आणि अनेक मुलांची शाळा तेथेच सुटत असे. संस्थेने नेतृत्वासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. लहान मुलांना खेळ शिकविणे, सामन्यात पंचाचे काम करणे, सफाईत पुढाकार घेणे यांसाठी मुलामुलींच्या नावावर गुण जमा होतात आणि अधिक गुण मिळविणाऱ्यांची फी भरली जाते. पंच लाल व पिवळे कार्ड दाखवतात हे आपणांस ठाऊक आहे. माथारेत हिरवे कार्डही आहे. ते सामन्यातील सर्वांत खिलाडू वृत्तीच्या खेळाडूला मिळते आणि त्याचे गुणही शिष्यवृत्तीसाठी धरले जातात. रक्कम मुलाच्या वा पालकांच्या हातात न देता थेट शाळेकडे पाठवली जाते. ही तरतूद आम्हांला फार शहाणपणाची वाटते. घरात अन्नाची भ्रांत असेल तेथे हाती आलेला पैसा फीसाठी उरेलच, अशी अपेक्षा कोणी करू नये.

१९९२ पासून मुलींचे संघही मैदानात उतरले. १९९४ साली स्थापन झालेला ‘माथारे युनायटेड’ हा संघ २००८ मध्ये केनियाचा राष्ट्रीय साखळी विजेता ठरला. मात्र व्यावसायिक संघात जेमतेम दोन डझन खेळाडूंना जागा असते आणि वस्तीतील मैदानांवर मुले खेळतात ती हजारोंनी. बाकीच्यांचे काय? सामन्यांचे वेळापत्रक आखणे, साहित्याचा हिशेब ठेवणे, तंटे मिटविणे ही कामे तेथील तरुणच करतात. १९९७ साली ‘शूटबॅक’ या उपक्रमात मुलांच्या हाती साधे कॅमेरे देण्यात आले. त्यांतून काहींना छायाचित्रणाचा व्यवसाय सापडला. चेंडू मुलाला मैदानावर आणतो. त्याला पुढे नेणाऱ्या शिडीच्या पायऱ्या कोणीतरी मुद्दाम बांधाव्या लागतात.

ख्रिस्तसभेला ही रीत नवी नाही. इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी १८४१ पासून कारखान्यांत व रस्त्यांवर भटकणाऱ्या मुलांना एकत्र आणले. प्रार्थनेच्या जोडीला तेथे खेळाचे अंगण होते, रात्रशाळा होती आणि १८५३ पासून शिवणकाम व चर्मकामाच्या कार्यशाळाही होत्या. त्यापूर्वीच, १८५२ साली, त्यांनी एका सुतार मालकाशी उमेदवार मुलाच्या वतीने लेखी करार केला. मालकाने मुलाला धंदा शिकवावा, चुकल्यास मार न देता शब्दांनी समजवावे, सणावारी सुटी द्यावी, अशा अटी त्यात होत्या. अंगणात खेळणाऱ्या पोराच्या नोकरीच्या कागदावर धर्मगुरूने सही करावी, हे त्या काळी किती वेगळे असेल!

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा विषयाचे प्राध्यापक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिली आणि २००१ मध्ये अशा मुलांची फुटबॉल स्पर्धा भरवली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ती घरोघरी पोहोचली. चित्रपटात सामने दिसतात. गणितासारखे विषय फुटबॉलच्या खेळांतून शिकविण्याचा या संस्थेचा उपक्रम मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही.

शासनाच्या सवलतींचीही माहिती पालकांनी ठेवावी. दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंना वाढीव क्रीडा गुण मिळतात आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत उच्च गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अर्थात, अधिकृत स्पर्धांची प्रमाणपत्रे त्यासाठी लागतात; गावच्या स्पर्धेतील चषक तेथे चालत नाही.

आपल्या धर्मग्रामांत उन्हाळ्यात होणाऱ्या स्पर्धांवर मांडव, ध्वनिक्षेपक आणि चषक यांसाठी बराच खर्च होतो. आम्ही त्याला विरोध करीत नाही. परंतु संघाची नावनोंदणी करताना, यांपैकी कोणाची शाळा सुटली आहे, हा एक रकाना अर्जात वाढवायला काय हरकत आहे? पुढची चौकशी युवक मंडळाला करता येईल. पंच आणि प्रशिक्षक होण्यासाठी विविध क्रीडा संघटनांचे अभ्यासक्रम असतात. एखाद्या होतकरू मुलीची त्यासाठीची फी चषकाच्या खर्चातूनही निघू शकेल. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी बी.पी.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्याच्या प्रवेशासाठी आधी पदवी लागते.